शेगावच्या वाटेवरची पाणीसेवा: 200 मिलीच्या बाटलीचं एक प्रकरण

अकोल्याहून शेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गाव. साडेतीनशे उंबरठे, सोळाशेच्या आसपास वस्ती, काळी जमीन आणि खाऱ्या विहिरी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे घडलं ते या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात घडू शकतं. माझं काम तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात, पाणी आणि स्वच्छतेचं. त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं ते एका अर्जाच्या रूपाने.

अर्ज होता रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याचा. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात रस्त्याखालची मोरी तुंबली, पाणी उलटं त्याच्या वावरात शिरलं आणि कपाशीची धुऱ्याकडची आठ-दहा तासं बसली. काळ्या मातीत पाणी दोन दिवस थांबलं तर सरकी कुजते, त्यामुळे त्या पट्ट्यात त्याला पुन्हा लावण करावी लागली. मोरी उपसली तेव्हा पऱ्हाट्या आणि गाळासोबत निघाल्या त्या पाण्याच्या बाटल्या, त्याही जवळजवळ सगळ्या 200 मिलीच्या. अर्जात शेवटी लिहिलं होतं, ‘सदर बाटल्या महाराजांच्या भक्तीच्या आहेत, माझी तक्रार भक्तीविरुद्ध नाही.’ ग्रामसभेत हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा लोक हसले, पण उत्तर कोणाकडे नव्हतं.

बाटल्या आल्या कुठून

माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रगटदिन. 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावात प्रथम दिसले असं मानतात, आणि त्या दिवसासाठी वऱ्हाडातून हजारो माणसं दिंड्या घेऊन पायी शेगाव गाठतात. वाटेवरची गावं त्यांना चहा, फराळ, पाणी देतात. ही सेवा कोणी सांगून करत नाही. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि लगेच पुढे तहानलेल्याला पाणी येतं, आणि बाबा याच मुलखातले.

या गावात पूर्वी मंडपात रांजण असायचे आणि ओतायला वगराळं. कोरोनानंतर लोकांना ते नकोसं झालं. ‘जुठं’ हा शब्द एरवीही आपल्याकडे जपूनच वापरतात, त्यात ती साथ. मग एका वर्षी कोणीतरी बाटल्यांच्या पेट्या देणगी दिल्या, दुसऱ्या वर्षी युवक मंडळाने वर्गणीतून आणल्या आणि तिसऱ्या वर्षी हिशोब पाच हजार बाटल्यांवर गेला. पेटीत 24 बाटल्या, म्हणजे दोनशेहून जास्त पेट्या. पेटीला शंभर-सव्वाशे रुपये धरले तर वीस-पंचवीस हजारांचं पाणी, आणि तेही सगळं मिळून फक्त हजार लिटर.

पुढच्या सगळ्या चर्चेत हा आकडा कामाला आला. हजार लिटर म्हणजे गच्चीवरची एक टाकी.

बाटली हातात घेऊन चालणारा माणूस काय करतो तेही पाहण्यासारखं आहे. झाकण फिरवतो, दोन घोट पितो, आणि पुढच्या गावच्या मंडपात दुसरी मिळणार हे माहीत असल्यामुळे उरलेली अर्धी बाटली रस्त्याच्या कडेला ठेवतो. फेकत नाही, नीट उभी ठेवतो, जणू कोणी मागून येऊन पिणार आहे. संध्याकाळी वारा सुटला की त्या आडव्या होतात, नालीत घरंगळतात, आणि नाली जाते मोरीला.

पहिला उपाय: गोळा करून विकू

युवक मंडळाला तक्रार झोंबली. त्यांनी पुढच्या वर्षी दर पन्नास पावलांवर पोतं बांधलं, शाळेतली पोरं कामाला लावली, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता खरोखर स्वच्छ दिसला. गावात सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. बाटल्या कबाड्याकडे जातील, त्यांचं पुन्हा काहीतरी होईल, मंडळाला चार पैसेही सुटतील.

यात चूक काहीच नव्हती. पेट (पीईटी) या जातीच्या प्लास्टिकची बाटली हा आपल्या कचऱ्यातला सगळ्यात नशीबवान तुकडा आहे. ती तालुक्याच्या कबाड्याकडून अकोल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते, तिथे दाबून तिचे गठ्ठे बांधतात, पुढे कारखान्यात तिचे बारीक कपचे होतात. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं, पण ते माणसाला वेचत बसावं लागत नाही. कपचे पाण्यात टाकले की पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक तरंगतं. त्या कपच्यांपासून पॉलिस्टरचा धागा निघतो, उशा-गाद्यांत भरायचा कापूस निघतो, आणि योग्य प्रक्रिया केली तर पुन्हा बाटलीही होते. नव्या पेटसाठी कच्चं तेल आणि वायू लागतो, आणि एक किलो पेटमागे साधारण दोन ते तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुन्या बाटलीपासून तेच प्लास्टिक निम्म्याहून कमी ऊर्जेत तयार होतं. शिवाय जी बाटली कारखान्यात गेली ती उकिरड्यावर पेटली नाही. पेटमध्ये क्लोरीन नसतो, पण बाटलीला गुंडाळलेलं आवरण पुष्कळदा पीव्हीसीचं असतं, आणि ते उघड्यावर जाळलं की धुरात डायॉक्सिनसारखी विषं येतात. गावात कचरा म्हणजे काडी लावायची वस्तू. म्हणून हा फायदा लहान नाही.

अडचण आली ती काट्यावर. मंडळाच्या पोरांनी वीसेक पोती ट्रॅक्टरमध्ये टाकून कबाड्याकडे नेली. त्याने एक पोतं उचललं, एका हाताने, आणि म्हणाला, “काऊन गा भाऊ, हे का हवा तोलाले आणली?”

200 मिलीची रिकामी बाटली आठेक ग्रॅमची. किलो भरायला सव्वाशे बाटल्या लागतात. धान्याच्या पोत्यात न चेपता कोंबल्या तर दोन-अडीच किलोच्या वर जात नाहीत. भाव त्या महिन्यात किलोला पंधरा-वीस रुपये. म्हणजे सव्वाशे वेळा वाकायचं आणि वीस रुपये मिळवायचे. त्यातही निम्म्या बाटल्यांत पाणी, आणि ओला माल कबाडी घेत नाही, कारण पाण्याचे पैसे त्याला पुढे कोणी देत नाही. पोरांनी तिथेच बसून झाकणं उघडून पाणी ओतलं, पायाने बाटल्या चेपल्या. सगळा माल मिळून चाळीस किलोही भरला नाही. ट्रॅक्टरचं डिझेल वजा केलं तर चहापुरते उरले.

लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची असते, तिच्या पन्नासात किलो होतो. म्हणून शहरातला वेचणारा तीच उचलतो आणि लहानीला हात लावत नाही. लहान बाटलीचा दुसरा दोष यातच दिसतो. लिटरमागे तिला दुप्पट प्लास्टिक लागतं. पाच बाटल्यांचं चाळीस ग्रॅम, एकीचं वीस-पंचवीस. जी बाटली जास्त प्लास्टिक खाते तीच परत येण्याची शक्यता सगळ्यात कमी.

राज्याने 2018 च्या प्लास्टिकबंदीत बाटली परत आणणाऱ्याला पैसे देण्याची तरतूद केली होती. केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन्हींचा हेतू चांगला. पण उत्पादकाच्या खात्यात प्रमाणपत्र जमा होतं ते पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात पोचलेल्या वजनाचं. जे आठ ग्रॅम मोरीत अडकले त्यांचा या हिशोबात कोणी धनी नाही. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात बाटली परत देऊन रुपया मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पाण्याचाच प्रश्न

इथे कोणी म्हणेल, बाटली कशाला, नळाचं द्या. हे बोलायला सोपं आहे, खारपाणपट्ट्यात राहायला तसं नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला हा पट्टा. विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ती वरची मर्यादाही ओलांडतात. ते पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते, पोटात गेलं तर काय होतं ते इथल्या घराघरातल्या मुतखड्याच्या गोष्टी सांगतात. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरून 84 खेड्यांची नळयोजना का करावी लागली ते यावरून कळावं. गोडं पाणी इथे दुरून येतं, आणि रोज येत नाही.

म्हणून पट्ट्यात बाटली आणि आरओचा, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राच्या पाण्याचा जार हा शौक म्हणून आलेला नाही, हे मी शहरातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये 500 च्या खाली क्षार असलेल्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं, ते इथल्या विहिरींना लागू पडत नाही. इथे आरओला कारण आहे. पण आरओ मीठ नाहीसं करत नाही, ते एका बाजूला सारतो. गावातल्या लहान संयंत्रात जितकं गोडं पाणी निघतं जवळपास तितकंच, कधी त्याहून जास्त, आणखी खारं होऊन मागच्या नालीत जातं. सीलबंद बाटलीच्या कारखान्यातही लिटरभर विकायला लिटरपेक्षा जास्त उपसावं लागतं. ते वाया गेलेलं पाणी बाटलीवर छापलेलं नसतं.

ऊर्जेचा हिशोब तर आणखी मोठा. अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटच्या दोन संशोधकांनी 2009 साली तो मांडला होता. बाटली बनवणं, भरणं, थंड करणं आणि गिऱ्हाइकापर्यंत नेणं धरून लिटरमागे 5.6 ते 10.2 मेगाज्यूल, म्हणजे नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटींपर्यंत. आकडे तिथले आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे लावू नयेत. पण खर्च कुठे होतो ते सगळीकडे सारखंच: आधी प्लास्टिक घडवण्यात, मग लांबून वाहून आणण्यात. पाणी शुद्ध करायला त्यातला अगदी थोडा भाग लागतो.

आणि बाटलीतलं पाणी निर्मळ म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी जानेवारी 2024 मध्ये बाटलीबंद पाण्याच्या लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण मोजले, त्यातले नव्वद टक्के नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. त्यांचं शरीरात नक्की काय होतं यावर अजून काम सुरू आहे, म्हणून गावात मी हा मुद्दा भीती घालायला वापरला नाही.

जार की नळ

ग्रामसभेत बहुतेकांचा कल जारकडे होता. थंड पाण्याचा वीस लिटरचा जार लग्नाकार्यात सगळ्यांच्या ओळखीचा, तो पुन्हा भरला जातो, कचरा नाही. मलाही तो बरा वाटत होता. तरी गावात जलजीवन मिशनमध्ये पाच बायांना पाणी तपासायला शिकवलेलं आहे, तर तपासून घेऊ असं ठरलं.

दोन ठिकाणचे जार आणि नळयोजनेच्या टाकीचं पाणी अंगणवाडीत आणलं. आधी ओटी चाचणी. नळाच्या पाण्यात थेंब टाकताच फिकट पिवळा रंग चढला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. जारचं पाणी जसंच्या तसं पांढरं. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार नीट धुतला नसेल तर आत जंतू वाढायला मोकळं रान. मग तिन्ही पाणी जंतू तपासायच्या हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या छोट्या बाटल्यांत भरून अंगणवाडीच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर एका जारच्या पाण्याची बाटली काळी पडलेली, म्हणजे पाणी दूषित. ज्या ताईंनी ती बाहेर काढली त्या म्हणाल्या, “अन् आपण पोरायच्या वाढदिसाले हेच पाणी पाजतो!” हे सुटं पाणी सीलबंद नसल्याने त्यावर मानकचिन्ह नसतं, ते कोणी नियमाने तपासतही नाही.

मग नळाचंच पाणी ठरलं, आणि लगेच दुसरी हरकत आली. बचतगटाच्या एका वयस्कर बाईंनी उभं राहून विचारलं, “आमाले सहा-सात दिसाआड पाणी, अन् ते बी तुमी रस्त्यावर वाटून द्याल त आमी काय प्यावं?” प्रश्न रास्त होता. ग्रामसेवकाने फळ्यावर हिशोब मांडला. माणशी दिवसाला 55 लिटर या सरकारी मापाने गावाला दिवसाला 88 हजार लिटर लागतं, मंडपाला लागणार हजार. टक्का-सव्वा टक्का. बाईंना आकडा पटला, पण त्या बसल्या नाहीत. “हिशोब बरोबर हाय बाप्पा. गिलास कोन घासते ते सांगा.”

हा प्रश्न मला सगळ्या चर्चेतला सगळ्यात नेमका वाटला. बाटली लोकप्रिय होण्यामागे स्वच्छतेइतकंच हेही कारण आहे की ती कोणाला घासावी लागत नाही. आपण तिला टाकून देतो तेव्हा कोणाचे तरी कष्ट वाचवल्यासारखे वाटतात, आणि ते कष्ट बहुधा बाईचे असतात. ठरावात म्हणून एक ओळ घातली गेली: ग्लास धुण्याचं काम युवक मंडळाचे पुरुष सदस्य पाळीपाळीने करतील. कागदी कपांची सूचनाही आली होती, ती तिथेच पडली. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि कबाडी त्याच्याकडे बघतही नाही.

मंडपातले दोन दिवस

ग्लास देवस्थानच्या सार्वजनिक भांड्यांतले, स्टीलचे. पाणी हजार लिटरच्या टाकीत, जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मारून तयार केलेलं. टाकीला लोखंडी पाइप जोडून सहा तोट्या काढल्या, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेले चार रांजण. माघात ऊन तापतं पण मे महिन्यासारखं नाही, बर्फाची गरज पडली नाही.

गोंधळ झाला तो धुण्यात. पहिल्या सकाळी पोरांनी गोडं पाणी वाचवायचं म्हणून ग्लास विहिरीच्या खाऱ्या पाण्यात धुतले. जड पाण्यात साबणाला फेस येईना, आणि ग्लास उन्हात वाळले तशी आत-बाहेर पांढरी चुन्यासारखी साय उमटली. ग्लास स्वच्छ होते, दिसत मात्र घाणेरडे होते. दिंडीतली एक आजी ग्लास हातात घेऊन तोंडाजवळ नेता नेता थांबली आणि परत देऊन टाकला. मंडळातल्या एकाने ते पाहिलं. दुपारपर्यंत तीन टब मांडले गेले: पहिल्यात खारं पाणी आणि राख, दुसऱ्यात खारं पाणी, तिसऱ्यात गोड्या पाण्यात खंगाळून लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. पांढरे डाग गेले. गोडं पाणी लागलं, पण भीती होती त्याच्या निम्मंही नाही.

ज्याचा कोणी विचारच केला नव्हता ती गोष्ट तोट्यांपाशी दिसली. निम्म्याहून जास्त लोकांनी ग्लास मागितलाच नाही, पिशवीतून स्वतःची बाटली काढून तोटीखाली धरली. कोणाची स्टीलची, कोणाची शाळकरी पोराची निळी, बहुतेकांची अकोल्यात सकाळी विकत घेतलेली लिटरची. त्यांना हवी होती ती फक्त भरायची सोय. पूर्वी मंडपात 200 मिलीची बाटली हातात कोंबली जायची, म्हणून त्यांची मोठी बाटली रिकामीच राहायची. वर्षानुवर्षं आम्ही नको असलेली वस्तू भक्तिभावाने वाटत होतो असं म्हणावं लागेल. दुसऱ्या दिवशी मंडळाने फलक बदलला, ‘मोफत पाणी’ खोडून ‘बाटली भरून घ्या’ केलं, आणि ग्लासांवरचा ताण आणखी कमी झाला.

काय उरलं

मोरी त्या पावसाळ्यात तुंबली नाही. बाटल्या मात्र तिच्यात होत्याच, कारण तीन किलोमीटर अलीकडच्या गावात एका इच्छुक उमेदवाराने स्वतःचा फोटो छापलेल्या बाटल्या वाटल्या होत्या. हसरा चेहरा आणि खाली ‘सेवेत सदैव’, असे पाच-सहा चेहरे नालीतून वाहत आमच्या हद्दीत आले. त्या गावाच्या सरपंचांशी बोलणं झालं, त्यांनी पुढच्या वर्षी पाहू म्हटलं.

गोळा करून विकणं बंद झालेलं नाही, फक्त त्याचा क्रम बदलला. लिटरच्या बाटल्यांसाठी शाळेमागे पत्र्याची एक खोली केली आहे. झाकण उघडून, पायाने चेपून, कोरडी बाटली आत टाकायची, पोती पन्नास किलोवर गेली की कबाड्याला फोन. आता तो स्वतः गाडी घेऊन येतो. आरओच्या खाऱ्या पाण्यासाठी सार्वजनिक शौचालयाच्या टाकीला जोडणी द्यावी असंही ठरलं, ते काम निधीअभावी थांबलं आहे.

राहिली लग्नं. प्रगटदिन वर्षात एकदा येतो, लग्नसराई तीन महिने चालते आणि नवरा-नवरीच्या नावाच्या बाटल्या हा आता मानाचा भाग झाला आहे. ग्रामपंचायतीने ठराव केला की 200 मिलीच्या बाटल्या न ठेवणाऱ्याला सार्वजनिक भांडी बिनभाड्याने मिळतील. केटरर्सना तो आवडलेला नाही, कारण ताटाच्या दरात पाणी धरून त्यावर त्यांना चांगली सुटते, आणि ग्लास धुवायला माणूस लावावा लागतो तो वेगळाच. या हंगामात आतापर्यंत दोन घरांनी भांडी नेली. त्यातलं एक घर अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याच्या भावाचं आहे. बाकीच्यांनी केटररला विसार आधीच दिलेला होता.